मिनेसोटात २०४० पर्यंत कार्बन-फ्री वीज, मग थंडीत आमचं काय?

थंडीचा_मारा:
पुण्याहून मिनियापोलिसला येऊन दोन वर्षं झाली, यंदा घर घेतलंय. शेजारचे आजोबा परवा बर्फ काढता काढता म्हणाले, राज्याने कायदा केलाय, २०४० नंतर कोळसा नाही गॅस नाही, उणे तीसला पवनचक्की थांबली की बसा कुडकुडत. मी हो हो केलं पण टेन्शन आलंय. फर्नेस (घर तापवायची भट्टी) बदलावी लागेल का? बिल किती वाढेल? जाणकारांनी प्रकाश टाका (वीज आहे तोवर).

वायरमन_काका:
आधी फर्नेस. तुझी गॅसवर असणार, इथे बहुतेकांची असते. कायदा फक्त विजेचा आहे, घरातल्या गॅसला हात लावत नाही. फर्नेसचा पंखा मात्र विजेवर फिरतो, त्यामुळे वीज गेली तर आजही कुडकुडशीलच.
कायदा फेब्रुवारी २०२३ चा, सिनेटमध्ये ३४-३३ ने, म्हणजे एका मताने काठावर पास, मग गव्हर्नर वॉल्झची सही. मोठ्या खाजगी वीज कंपन्यांना २०३० ला ८० टक्के वीज कार्बन-फ्री द्यायचीय, २०३५ ला ९०, २०४० ला १००. को-ऑप (ग्राहकांच्या सहकारी) आणि गावांच्या कंपन्यांना २०३० ला ६०च. आणि शब्द नीट बघ, रिन्यूएबल नाही कार्बन-फ्री, म्हणजे इथल्या माँटिसेलो आणि प्रेअरी आयलंड केंद्रांची अणुवीज धरतात, ती वारा पडला तरी चालूच. फार थंडीत पवनचक्क्या बंद होतात हे आजोबांचं खरंय, २०१९ च्या पोलर व्होर्टेक्सला (ध्रुवाकडून आलेल्या थंडीच्या लाटेत) झाल्याच होत्या, पण तेव्हा इथल्या प्रिन्स्टन गावाकडे घरातला गॅसच गेला होता आणि लोकांना थर्मोस्टॅट ६३ फॅरेनहाइटवर आणायला सांगितलं होतं, ते कोण सांगणार!

वऱ्हाडी_ठेचा:
काका, १०० टक्के म्हणजे दर तासाला १०० नाही हेही सांगा ना. वर्षभरात विकलेल्या विजेचा हिशोब, त्यात क्रेडिट (दुसऱ्याने केलेल्या स्वच्छ विजेचं प्रमाणपत्र) विकत घेऊनही भागतं. ग्रिड डळमळतंय किंवा परवडत नाही म्हणून कंपनी राज्याच्या वीज आयोगाकडे मुदतही मागू शकते. आणि अणुवीज चालते पण नवीन अणुभट्टीवर १९९४ मध्ये याच राज्याने बंदी घातली, आता बोला. मी थर्मलच्या शेजारी वाढलोय, वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकलीय, कोळसा गेला तर सगळ्यात आधी मी पेढे वाटीन, पण हिशोब तारेतल्या विजेचा हवा, कागदावरचा नको.

वायरमन_काका:
क्रेडिटचं मान्य. पण सगळंच कागदावर नाहीये, बेकर गावच्या शेर्को वीजकेंद्राचं एक कोळशाचं युनिट २०२३ अखेर बंद झालंय आणि शेजारीच सोलर उभं राहिलंय, ग्रिडला जोडणी तीच जुनी.
बिलाचा आकडा कोणी छातीठोक सांगितला तर विश्वास ठेवू नकोस. दरवाढ आयोगापुढे जाते, तिथे सामान्य माणसाला हरकत नोंदवता येते, ते कर.

थंडीचा_मारा:
धन्यवाद मंडळी. आजोबांना अणुवीज सांगितली तर म्हणाले, ती तर मला त्याहून नको.