रोज कमरेला वागवायचं पिस्तूल: तुमचं कोणतं, आणि ते कसं ठरलं?

परवाना हातात येऊन महिना झाला, पिस्तूल अजून घेतलेलं नाही. ज्याला विचारावं तो आपलंच घोडं पुढे दामटतो. माहितीपत्रकं वाचून वाचून आकडे पाठ झालेत. कुणात किती गोळ्या बसतात, कुणाची नळी किती लांब, झोपेतून उठवलंत तरी सांगेन. मला त्यापलीकडचं हवंय. तुम्ही काय घेतलंत, ते खरोखर किती दिवस अंगावर राहिलं, आणि काय कपाटात जाऊन पडलं? शौर्यकथा नकोत. कायदा ज्याच्या त्याच्या ठिकाणी वेगळा, तो ज्याने त्याने नीट वाचावा. इथे फक्त अनुभव, आपापल्या टोपणनावाने.

जुनं खोड

माझं पहिलं प्रेम १९११. जॉन ब्राउनिंगने घडवलेलं, अमेरिकी लष्कराने १९११ च्या मार्चमध्ये स्वीकारलेलं, म्हणून नावही तेच. .४५ एसीपी या जाड काडतुसाच्या सात गोळ्या मॅगझीनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) आणि ट्रिगर असा की दुसरं पिस्तूल हातात घेतलं की खोटं वाटावं. इतर पिस्तुलांचा ट्रिगर बिजागरीवर फिरतो, याचा सरळ मागे सरकतो. रेंजवर मी याच्याइतका नेमका कशानेच नव्हतो.

पण ते सगळं पोलाद. रिकामं असतानाच अकराशे ग्रॅमच्या आसपास, त्यात गोळ्यांचं वजन. शिवाय ते वागवायची पद्धत म्हणजे हॅमर (मागची हातोडी) मागे चढवलेला आणि सेफ्टी लावलेली. बाहेर काढताना अंगठ्याने सेफ्टी खाली पाडायची सवय इतकी मुरावी लागते की विचार करायला लागू नये. तीही मुरवली. घोडं अडलं ते वजनापाशी. पहिले तीन आठवडे हौसेने वागवलं. चौथ्या आठवड्यात "आता काय, कोपऱ्यावर तर जायचंय" म्हणून घरी ठेवलं. मग कोपरे वाढत गेले. स्वतःचाच राग आला म्हणून कॅलेंडरवर खुणा करायला लागलो. ३० दिवसांत ११ खुणा.

त्यानंतर ग्लॉक १९ घेतलं. १९८८ सालचं मॉडेल, ९ मि.मी., १५ गोळ्या, प्लॅस्टिकचा सांगाडा, रिकामं साधारण ६०० ग्रॅम. दिसायला वीट. दहा वर्षं झाली, खुणा करायची गरज पडलेली नाही. १९११ वर माझं अजून प्रेम आहे. ग्लॉकशी संसार आहे.

मितभाषी

सिग पी३६५. २०१८ साली बाजारात आलं, दुसऱ्या वर्षी घेतलं. दहा गोळ्या, अर्धा किलो, शर्टाखाली कळत नाही. आणखी काही सांगण्यासारखं नाही, आणि हेच मला आवडतं.

अधूनमधून

मितभाषींना अनुमोदन. फक्त छोट्या मॅगझीनवर करंगळी अधांतरी लटकते. मॅगझीनखाली बोटभर पुढे आलेला तळ बसवला आणि नेम सुधारला. करंगळीला एवढा मान असेल असं वाटलं नव्हतं.

संधिवात

माझी गोष्ट जरा लांबेल.

मी साठीला आले आहे, दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात. घरच्यांनी प्रेमाने .३८० चं एक छोटंसं पिस्तूल आणून दिलं. "हलकं आहे, तुला झेपेल." मला त्याची स्लाइडच (वरचा सरकता भाग, जो ओढून पहिली गोळी भरायची) मागे ओढता येईना. मला वाटलं माझ्यातच जोर नाही. पुढे कारण कळलं ते असं: ते ब्लोबॅक पद्धतीचं होतं. त्यात गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात, त्यामुळे मागे येणारा सगळा जोर स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांनीच धरायचा. म्हणून स्प्रिंग कडक. मोठ्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड क्षणभर अडकून एकत्र मागे जातात, तिथे स्प्रिंग नरम ठेवता येते. म्हणजे छोटं ते सोपं, हा हिशेबच उलटा निघाला. धक्क्याचंही तसंच. गोळी तीच आणि पिस्तूल हलकं, तर उसळी हातालाच जास्त बसणार. वीस गोळ्यांनंतर मी रडवेली व्हायचे.

मग सगळे म्हणाले, रिव्हॉल्व्हर घ्या, त्याला स्लाइडच नसते. खरं आहे. पण डबल अ‍ॅक्शन ट्रिगर, म्हणजे हॅमर चढवणं आणि सोडणं दोन्ही करणारा, पाच-साडेपाच किलोच्या जोराने लांबवर खेचावा लागतो. तिसऱ्या गोळीला बोट नाही म्हणायला लागलं.

शेवटी एका प्रशिक्षक बाईंनी दोन गोष्टी केल्या. एक, स्लाइड चिमटीत धरून ओढायची माझी पद्धत मोडली. आता अख्खा पंजा स्लाइडवर आवळते, पिस्तूल छातीजवळ घेते आणि मूठ धरलेला हात पुढे ढकलते. ओढण्यापेक्षा ढकलण्यात अंगाचा जोर लागतो. (नळीचं तोंड या झटापटीत कुणाकडे वळतंय, याचं भान मात्र सुटू द्यायचं नाही. मी सुरुवातीला चुकले होते, ओरडा खाल्ला.) दोन, माझ्या हातात एम अँड पी शील्ड ईझी दिलं, .३८० मधलं. आत हॅमर असल्यामुळे त्याची स्प्रिंग नरम ठेवता आली आहे, आठ गोळ्या बसतात, मुठीच्या मागे सेफ्टी आहे जी नीट पकडलं की आपोआप दबते. स्लाइड मागे आली तेव्हा मी त्या बाईंकडे बघतच राहिले.

कुणी दुसऱ्यासाठी परस्पर पिस्तूल घेऊ नका, एवढं मात्र माझ्या अनुभवावरून हात जोडून सांगते.

डावखुरा

ताई, तुमचं वाचून आमचे भोग आठवले. पिस्तूल उजव्यांसाठी बनतं. मॅगझीन सोडायचं बटण बदलून दुसऱ्या बाजूला घेता येतं का, हे मी आधी बघतो. ग्लॉकमध्ये २०१० च्या चौथ्या पिढीपासून ते जमतं. पण रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे माझ्या तोंडासमोरून. एकदा तापलेली पुंगळी कॉलरमध्ये शिरली आणि मी पिस्तूल हातात असतानाच अंग झटकत वळलो. शेजारच्या प्रशिक्षकाने माझं मनगट जागच्या जागी धरलं. मानेवर आठवडाभर डाग होता आणि त्याच्या बोटांचे ठसे मनगटावर. तेव्हापासून रेंजवर बंद गळ्याचा शर्ट. चटका बसला तर बसू द्यायचा, हात समोर.

पाचच

स्मिथ अँड वेसन ६४२. पाच गोळ्यांचं .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर, सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, हॅमर आत झाकलेला, म्हणून खिशातून काढताना कशात अडकत नाही. याचं खानदान १९५० च्या चीफ्स स्पेशलपर्यंत जातं. खिशाच्या होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) ठेवतो आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत, रुमालसुद्धा नाही. ट्रिगरजवळ काय जाईल सांगता येत नाही.

सोपं समजू नका. नळी दोन इंचांच्या आत, मूठ इवलीशी. पन्नास गोळ्या झाडल्या की तळवा सुजतो. नवशिक्याला हेच रिव्हॉल्व्हर हमखास सुचवलं जातं आणि माझ्या मते ते जाणकाराचं हत्यार आहे.

जुनं खोड

पाच गोळ्या पुरतात का हो?

पाचच

काका, घरी राहिलेल्या सातपेक्षा पाच जास्त. तुमचंच कॅलेंडर.

नाडी

पिस्तुलाबद्दल सगळे लिहितायत, होल्स्टरबद्दल मी लिहितो. पिस्तूल चांगलं घेतलं आणि होल्स्टर स्वस्तातलं मऊ कापडी. कुणाचं ते राहू दे. माझ्या जॅकेटच्या तळाला नाडी होती, तिच्या टोकाला प्लॅस्टिकचा गोळा. पिस्तूल परत आत सरकवताना तो गोळा ट्रिगरच्या कड्यात गेला. पिस्तुलाला बाहेरून सेफ्टी नाही. जरा अडल्यासारखं वाटलं आणि का कोण जाणे, मी जोर लावला नाही, थांबलो. पोटाच्या पुढच्या बाजूला वागवायचो, तेव्हा नळी कुठे रोखलेली होती ते तुम्हीच समजा.

आता कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, टणक होल्स्टर, ट्रिगर पूर्ण झाकणारं, तोंड आपोआप न मिटणारं. नाड्या सगळ्या कापल्या. बाहेर काढताना घाई असू शकते, आत ठेवताना पंचांग बघून ठेवतो: कपडा बाजूला, नजर खाली, बोट लांब, मग सावकाश. जेफ कूपर या अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षकाचे चार नियम (प्रत्येक हत्यार भरलेलंच समजा, नको त्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, लक्ष्य आणि त्यामागे काय आहे ते ओळखा) मला तोंडपाठ होते. नाडीला नव्हते.

आणि पट्टा! जाड, दुपदरी, न लवणारा पट्टा घ्या. साध्या पट्ट्यावर सगळं पिस्तूल बाहेर झुकतं आणि दिवसभर विजार सावरत बसावं लागतं.

थंडीपुरतं

सीझेड ७५. १९७५ चं डिझाइन, पोलादी, किलोभर. हातात इतकं चपखल बसणारं दुसरं माहीत नाही. जाड कोट असेल तेव्हाच वागवतो. पहिली गोळी जड ट्रिगरची, पुढच्या हलक्या; पहिली हमखास खाली जायची, ते दुरुस्त करायला एक वर्ष गेलं.

कुतूहल

मधेच विचारतो: .४५ घ्यावं की ९ मि.मी.? एका काडतुसावर दोघांचं एकमत नाही.

शिकवणारा

हा वाद जुना आहे. १९८६ साली मायामीत एफबीआयची चकमक झाली, दोन एजंट गेले. हल्लेखोराला लागलेली ९ मि.मी. ची एक गोळी दंडातून छातीत शिरून हृदयाच्या जरा अलीकडे थांबली. त्यातून गोळी किती खोल गेली पाहिजे याच्या कसोट्या ठरल्या; चाचणीच्या जिलेटिनमध्ये ३० ते ४५ सेंमी. हा आकडा तिथलाच. मग एफबीआयने १० मि.मी. घेतलं, १९९० मध्ये .४० आलं, आणि २०१० च्या दशकात एफबीआय फिरून ९ मि.मी. वर. तोवर पुढून पोकळ, आत जाऊन उमलणाऱ्या गोळ्या सुधारल्या होत्या. धक्का कमी, गोळ्या जास्त, बहुतेकांचा नेम बरा. १९०२ सालचं काडतूस अजून टिकून आहे ते उगाच नाही.

मी विद्यार्थ्यांना वेगळंच विचारतो: जी गोळी रोज भरून फिरता, ती स्वतःच्या पिस्तुलातून किती झाडलीत? बरेच जण सरावाची झाडतात आणि महागाची नुसती भरून ठेवतात. निदान दोनशे तरी विनाअडथळा जाऊ द्या. मनगट ढिलं असेल तर चांगलं पिस्तूलही अडकतं, तेही तेव्हाच कळतं.

आणखी एक. डेनिस ट्युलर या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ साली मांडलं होतं की सुरी घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे जवळजवळ साडेसहा मीटर, साधारण दीड सेकंदात कापतो. शर्ट वर करून, पिस्तूल काढून, नेम धरायला तेवढ्यात जमतंय का ते घरी रिकाम्या पिस्तुलाने घड्याळ लावून बघा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर (नळीतली गोळीची जागा) दोनदा तपासून. मग आवडतं पिस्तूल कोणतं या प्रश्नाइतकंच आधी कुठे बघायचं आणि केव्हा काढता पाय घ्यायचा हे सुचायला लागतं.

पर्स

मी पर्समध्ये ठेवायचे. खास कप्पा वगैरे. एकदा लेक माझ्या पर्समध्ये बिस्किटं शोधत होती. कप्प्याची चेन अर्धी उघडी होती. एवढंच घडलं. आता एक तर माझ्या अंगावर, नाही तर बोटांच्या ठशांनी उघडणाऱ्या पेटीत कुलूपबंद. मधली जागा नाही.

परत केलं

मी दोन वर्षं वागवलं. कोणतं ते महत्त्वाचं नाही, उत्तम होतं, सरावही होता. एके दिवशी गाडी लावण्यावरून एक जण आई-बहिणीवरून बोलला. मी उलट बोललो नाही. पण माझा उजवा कोपर आपोआप मागे जाऊन शर्टाला टेकला होता. त्याला कळलं नाही, मला कळलं. त्याच्या हातात काही नव्हतं, तो फक्त उर्मट होता. दोन रात्री झोप नाही. रीतसर परत केलं. इथे भेकड म्हणणार असाल तर म्हणा.

शिकवणारा

भेकड कोण म्हणेल? मी शिकवलेल्यांपैकी तुमच्याएवढं स्वतःकडे बघणारे फार थोडे.

धागाकर्ता

सगळं दोनदा वाचलं. रेंजवर चार पिस्तुलं भाड्याने घेऊन झाडली. नेम सगळ्यांत चांगला लागला सीझेडने, जीव जडला १९११ वर, आणि अपेक्षेप्रमाणे दोन्ही घेणार नाही. ग्लॉक १९ आणि पी३६५ यांच्यात अडकलोय.

तोवर एक केलंय. चांगला पट्टा, कायडेक्सचं होल्स्टर आणि सरावासाठी मिळतं ते वजन घातलेलं निळं रबरी पिस्तूल घेतलं. महिनाभर ते वागवणार. वाकायचं, बसायचं, जिने चढायचे, सगळं. पहिले तीन दिवस सारखा हात तिकडेच जायचा. पाचव्या दिवशी बरगडीखाली सोलवटलं म्हणून जागा जरा मागे घेतली.

आज बाराव्या दिवशी ते घरीच राहिलं. कोपऱ्यावर तर जायचं होतं. काका, कॅलेंडर भिंतीवर लावलंय.