सातारा हिल हाफ मॅरेथॉन: चढलो नीट, उतरताना मेलो

पहिलटकर४३: परवा आयुष्यातली पहिली हाफ मॅरेथॉन पळालो, २१ किलोमीटर. चार महिने पुण्यात तळजाईवर सराव केला होता. यवतेश्वरचा घाट चालत-पळत चढलो. वर धुकं, भुरभुर पाऊस, टाळ्या वाजवणारी पोरं. भारी! परतीचा उतार म्हणजे फुकटचा माल समजून सुसाट सुटलो आणि सतराव्या किलोमीटरला मांड्यांचे दगड झाले. वेळ २ तास ५१ मिनिटं. आज जिना उलटा उतरतोय, बायको व्हिडिओ काढतेय. चुकलं कुठं?

घाटवेडी: उतारावरच. खाली येताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. तळजाईवर पळत चढून चालत उतरत होतात ना?

पहिलटकर४३: अगदी! आणि त्यालाच विश्रांती म्हणत होतो.

घाटवेडी: मग पुढच्या वेळी उतरायचाही सराव करा, आठवड्यातून एकदा, हळू.

जुना सातारकर: पाहुणं, घाट उतरताना पावलं बारीक टाकायची, टाच आपटायची न्हाई. आन् बूट नवं व्हतं काय?

पहिलटकर४३: आदल्या दिवशी घेतलेले. काका, नखांचं विचारू नका. दोन काळी झालीत.