नव्या रूपातील सॉफ्टवेअर आणि काढून घेतलेल्या सोयी : आपले अनुभव लिहा

धाग्याची सुरुवात

संगणकावर रोजचे काम करणारा प्रत्येक जण हळूहळू आपल्या सोयीची मांडणी करून घेतो. लागणारी बटणे वर आणतो, नको ती लपवतो, अक्षरे डोळ्यांना मानवतील एवढी करतो. पुढे नवी आवृत्ती येते, ती मांडणी जाते आणि पुष्कळदा तशी मांडणी पुन्हा करण्याची सोयही तिच्याबरोबर जाते. रूप बदलले ही या धाग्याची तक्रार नाही. जो निर्णय काल वापरणाऱ्याच्या हाती होता तो आज का नाही, एवढाच प्रश्न आहे.

सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे थोडक्यात नोंदवतो. विंडोज ९५ पासून टास्कबार, म्हणजे उघड्या खिडक्यांची नावे दाखवणारी पट्टी, पडद्याच्या चारपैकी कोणत्याही कडेला नेता येत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा तो तळाशी पक्का करण्यात आला. प्रत्येक उघड्या खिडकीचे नाव टास्कबारवर सुटे दाखवण्याचा पर्यायही त्याच वेळी गेला आणि बरीच ओरड झाल्यावर २०२३ मध्ये परत आला. त्याआधी २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्टचे बटण काढले होते, ते पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये परत दिले. काढलेली वस्तू परत द्यावी लागते, याचा अर्थ ती कोणीतरी वापरत होते.

‘आमचे जुनेच बरे होते’ एवढेच लिहू नये, ही विनंती. कोणती सोय गेली, तिच्यावाचून काय अडले आणि त्यावर काय केले, ते लिहावे. ज्याविषयी तक्रार आहे त्या उत्पादनाचे किंवा संस्थेचे नाव घेऊ नये. हा धागा कोणाशी भांडण्यासाठी नाही.

पानजुळणी व्यावसायिक, कोल्हापूर

आमच्याकडे वर्षभर स्मरणिका आणि पुस्तके असतात, आणि गणपती उठले की दिवाळी अंकांची पाने लागू लागतात. पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोन मांडण्या जतन करून ठेवल्या होत्या. मजकूर ओतताना परिच्छेदांच्या शैली आणि चित्रांच्या चौकटी समोर हव्या असतात. मुद्रितशोधकाच्या खुणा पाहून दुरुस्त्या करताना या दोन्ही निरुपयोगी असतात. तेव्हा शोधून बदलण्याची चौकट, चिन्हांची चौकट आणि अक्षरांमधील अंतराची चौकट एकाच वेळी उघडी लागते. ‘वाऱ्यावर’मधला र किंवा ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांचा घोळ ज्याने शेकडो पानांत निस्तरला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

नव्या आवृत्तीत सर्व चौकटी उजवीकडे एकाच रांगेत आल्या आणि एक उघडली की दुसरी मिटू लागली. प्रत्येक दुरुस्तीमागे दोन-तीन क्लिक वाढले. एका दुरुस्तीत ते जाणवत नाहीत. पण अंकाची प्रत दुसऱ्या दिवशी छापायला जाणार असते तेव्हा रात्रीच्या कामाचा त्याने बोजवारा उडतो. आम्ही एका यंत्रावर जुनी आवृत्ती तशीच ठेवली आणि त्या यंत्राचे इंटरनेट काढून टाकले. पण गिऱ्हाईक नव्या आवृत्तीत केलेली फाइल पाठवते, ती जुनीत उघडत नाही, मग ‘जुन्या आवृत्तीसाठी जतन करून पाठवा’ असा निरोप द्यावा लागतो आणि तसे केल्यावर कधी कधी ओळींची तोड बदलते. म्हणजे आपली मांडणी टिकवायची तर पानांची मांडणी पुन्हा तपासायची, अशी गंमत आहे.

लेखापाल, अकोला

मी आधी एक चांगली गोष्ट सांगतो. ऑफिस २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे टॅबांमध्ये वाटलेली बटणांची रुंद पट्टी, आली, तेव्हा टूलबार हवे तिथे ओढून मांडण्याची सोयही गेली आणि वर एक लहानशी पट्टी तेवढी आपल्या मर्जीची राहिली. रिबनमध्येच स्वतःचा टॅब करण्याची सोपी सोय २०१० च्या आवृत्तीत आली. मात्र कळफलकाच्या बाबतीत त्या मंडळींनी शहाणपण दाखवले. सूत्र सोडून फक्त आकडे चिकटवण्यासाठी एक्सेलमध्ये आम्ही ऑल्ट, मग ई, एस, व्ही असे दाबत आलो आहोत. ज्या मेनूची ती अक्षरे होती तो मेनू नाहीसा झाला तरी त्या कळा चालत राहिल्या. पडद्यावर काहीही बदला, बोटांना त्रास देऊ नका, असे माझे म्हणणे आहे.

याच्या उलट अनुभव हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचा. ते ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नव्या रूपात आले. पूर्वी जी फंक्शन कळ दाबून व्हाउचर उघडत असू, तीच कळ आता ब्राउझर स्वतःसाठी घेतो आणि पान नव्याने भरतो. अर्धी भरलेली नोंद त्यात जाते. कळा आपल्या आपण नेमून देण्याचा पर्याय पूर्वी होता, तो काढला आहे. मार्चअखेरीला माउस धरून नोंदी करायला लावणे ही शिक्षा आहे. सध्या आम्ही नोंदी स्प्रेडशीटमध्ये करतो आणि एकगठ्ठा चढवतो.

अनुवादक, श्टुटगार्ट

माझ्या ब्राउझरमध्ये एकाच वेळी कोश, संदर्भ आणि मूळ मजकूर अशी पुष्कळ पाने उघडी असतात, म्हणून टॅबची यादी बाजूला उभी लागते. आडव्या पट्टीत जर्मन शीर्षकाचे पहिले अक्षरसुद्धा धड दिसत नाही. फायरफॉक्स या ब्राउझरचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एप्रिल २०१४ मध्ये २९ व्या आवृत्तीने गोलसर टॅबचे नवे रूप आणले आणि टॅब खाली ठेवणे, लहान बटणे असे पर्याय काढले. ते परत मिळवून देणारी विस्तारके (ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) लोकांनी लगेच लिहिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीने ती जुन्या पद्धतीची विस्तारकेच बंद केली. त्यामागचे कारण खरे होते : ती ब्राउझरच्या अंतर्भागात कुठेही हात घालू शकत, त्यामुळे वेग आणि सुरक्षितता दोन्ही अडत होती. पण जुनी वाट बंद झाली तेव्हा नवी वाट अर्धीच बांधलेली होती. जून २०२१ मध्ये ८९ व्या आवृत्तीने दाट मांडणीचा पर्याय मेनूतून काढून आतल्या सेटिंगमध्ये लपवला. उभे टॅब ब्राउझरमध्येच मिळू लागले ते मार्च २०२५ मध्ये, १३६ व्या आवृत्तीत.

नाशिकहून एक सदस्या

मी आईविषयी लिहिते. तिला डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे. मध्यभागचे अस्पष्ट दिसते, कडेचे बरे दिसते. तिच्या बँकेच्या जुन्या ॲपमध्ये पहिल्या पानावर काय ठेवायचे ते ठरवता येत असे. मी शिल्लक, पासबुक आणि वीजबिल एवढेच ठेवून दिले होते. आई ते वाचत नसे. जागेवरून ओळखत असे. वरचे शिल्लक, खालचे बिल.

नव्या ॲपमध्ये पहिल्या पानाची मांडणी ॲप स्वतः ठरवते आणि ती बदलत राहते. वर कर्जाची जाहिरात सरकत असते. फोनमध्ये अक्षरे मोठी केलेली असूनही हे ॲप ते मानत नाही, आणि जिथे मानते तिथे शब्द अर्धा कापला जातो. मराठी निवडण्याचा पर्याय इंग्रजी सेटिंगच्या अगदी तळाशी आहे. आईने मला फोन करून विचारले, ‘अगं, बिल कुठं गेलं?’ आणि मला ते नाशिकरोडला बसून सांगता येईना, कारण माझ्या फोनवर ते दुसऱ्याच जागी होते. आता ती पुन्हा शाखेत जाऊन यंत्रावर पासबुक भरून आणते. बँकेला लिहिले तेव्हा अभिप्रायाबद्दल आभार मानणारे उत्तर आले.

सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

शिव्या खायची तयारी ठेवून दुसरी बाजू मांडतो. प्रत्येक पर्याय कोणालातरी तपासावा लागतो. चालू-बंद अशा केवळ दहा पर्यायांची १०२४ संयोगे होतात. त्यावर उजळ आणि गडद रंग, लहान-मोठे पडदे आणि भाषा यांचा गुणाकार करा. ऑफिस २००७ ची मांडणी ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली त्या जेन्सन हॅरिस यांनी तेव्हाच जाहीरपणे लिहिले होते की ऑफिस २००३ मध्ये टूलबार बदललेले आढळले ते दोन टक्क्यांहूनही कमी सत्रांत, आणि त्यांतही बहुतेकांनी चारपेक्षा अधिक बटणांना हात लावला नव्हता. वर्डच्या २००३ च्या आवृत्तीत तब्बल ३१ टूलबार होते. कधीतरी आवराआवर करावीच लागते.

नाशिकच्या सदस्येचा अनुभव मात्र यात बसत नाही. अक्षरांचा आकार न मानणे हा सरळ दोष आहे, त्याला आवराआवर म्हणता येणार नाही.

लेखापाल, अकोला

दोन टक्के सत्रे म्हणजे दोन टक्के काम नव्हे. घरी एखादे पत्र लिहिण्यासाठी वर्ड उघडले तेही एक सत्र, आणि आमच्या कार्यालयात सकाळी उघडून रात्री बंद केले तेही एकच सत्र. जो दिवसभर बसतो तोच बटणे हलवतो. शिवाय ज्यांनी चारच बटणे हलवली, त्यांना ती चारच हवी असतील.

संगणक प्रशिक्षिका, लातूर

मी या बाबतीत बहुमताच्या विरुद्ध आहे. जुन्या टूलबारच्या काळात वर्गातील प्रत्येक यंत्रावर आधीच्या तुकडीने काहीतरी ओढून ठेवलेले असे. ‘तिसऱ्या ओळीतले बटण दाबा’ म्हटले की निम्मी मुले माना वर करून पाहत. एखाद्याने मेनूची पट्टीच कुठेतरी हरवलेली असे. रिबन आल्यावर सर्वांच्या पडद्यावर एकच चित्र दिसू लागले आणि शिकवणे सोपे झाले. शिकणाऱ्याला मोकळीक नंतर लागते. आधी सर्वांसाठी ठरलेली जागा लागते.

लिनक्स वापरकर्ता, फोंडा

मोकळ्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही घेऊन बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरमध्ये असे होत नाही, हा समज चुकीचा आहे. ग्नोम हे लिनक्सवर खिडक्या आणि मेनू दाखवणारे सॉफ्टवेअर. एप्रिल २०११ मध्ये आलेल्या ग्नोम ३ ने खिडकी लहान करण्याचे बटणसुद्धा आपोआप मिळणाऱ्या मांडणीतून काढले होते, आणि खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड टीका केली होती. फरक पुढे पडतो. ज्यांना जुने हवे होते त्यांनी ग्नोम २ चा कोड घेऊन ‘माते’ चालवले, लिनक्स मिंटने ‘सिनॅमन’ केले. मी माते वापरतो. अर्थात हे फुकट होत नाही; कोणीतरी तो कोड सांभाळत राहावे लागते.

जुने आणि नवे दोन्ही ठेवणे अशक्य नाही, हे लिबरऑफिस या मोकळ्या ऑफिस सॉफ्टवेअरने दाखवले आहे. २०१९ च्या ६.२ आवृत्तीपासून तिथे रिबनसारखी टॅबची पट्टी आहे आणि जुने टूलबारही आहेत. व्ह्यू मेनूतून हवे ते निवडता येते.

लातूरच्या ताईंच्या अडचणीवर आम्ही शाळेत केलेला उपाय सांगतो. प्रत्येक यंत्रावर विद्यार्थ्यांसाठी वेगळे खाते उघडा, त्यात मांडणी एकदा ठरवून घ्या आणि ते सेटिंगचे फोल्डर बाजूला जपून ठेवा. तुकडी संपली की तेच फोल्डर पुन्हा जागेवर टाकायचे, म्हणजे मुलांनी काहीही ओढलेले असले तरी पुढच्या तुकडीला पडदा सारखाच दिसतो. शिक्षकांची खाती वेगळी ठेवा. त्यात ज्याने त्याने आपल्याला हवे ते करावे.