पोस्टग्रेस: रात्रीचा डंप पुरेसा आहे का, की वॉल आर्काइव्हिंग लावू?

दूधसंकलन_आयटी:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे दूध संकलनाचा सर्व्हर आहे, पोस्टग्रेस 15 (डेटाबेसचं सॉफ्टवेअर), डेटाबेस साधारण 40 जीबीचा. सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) सगळं थेट येतं आणि त्यावरच शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिल निघतं. सध्या रात्री 2 ला पीजी_डंप (अख्ख्या डेटाबेसची त्या वेळची प्रत एका फाइलमध्ये) चालतो आणि फाइल बॅकअप सर्व्हरवर जाते. परवा सकाळचं संकलन उरकलं आणि डिस्क गेली, डंप चढवला पण सकाळची अख्खी पाळी गायब, पावत्या मागवून परत एंट्री मारायला लागली. आता साहेब म्हणतात पाच मिनिटांच्या वर डेटा जाता कामा नये. दर तासाला डंप घेऊ, वॉल (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही) आर्काइव्ह लावू, की सरळ स्टँडबाय (मेनची सतत अपडेट होणारी जोडप्रत) उभा करू? आणि इथे लाईट सारखी जाते, बॅकअप सर्व्हर बंद पडला तर मेनवर काय परिणाम होतो?

लॉगवाला:
तासाच्या डंपचा विचार सोडा, लोड वाढेल आणि तरी तासभराचा डेटा जाणारच. वॉल लावा. पण एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही, पीजी_डंपच्या फाइलवर वॉल चढवता येत नाही! त्याला पीजी_बेसबॅकअपने घेतलेली डेटा फायलींची कॉपीच लागते, म्हणजे आधी बेस आणि त्यापुढचा प्रत्येक वॉल सेगमेंट (वॉलची एकेक फाइल), मधला एक जरी हरवला तरी त्याच्या पुढे जाता येत नाही.

सेगमेंट 16 एमबीचा असतो आणि तो भरल्यावरच आर्काइव्ह होतो, दुपारी एंट्र्या तुरळक असतील तर तो तसाच अर्धवट पडून राहतो, म्हणून आर्काइव्ह_टाइमआउट (इतक्या वेळाने अर्धवट सेगमेंटही पाठवायचा) 300 सेकंद ठेवा. 60 नको, दर मिनिटाला थोडी जरी एंट्री झाली तरी पूर्ण 16 एमबीची फाइल बनते, दिवसाला जवळपास 22 जीबी. रिकामा भाग कॉम्प्रेस होतो छान, पण पाच मिनिटं चालत असतील तर कशाला.

लाईटचं म्हणाल तर आर्काइव्ह_कमांड (सेगमेंट बॅकअपवर कॉपी करणारी कमांड) फेल झाली की पोस्टग्रेस तो सेगमेंट पुसत नाही, परत परत प्रयत्न करतं, पीजी_वॉल फोल्डर फुगत जातं आणि डिस्क भरली की मेन सर्व्हरच बंद पडतो. म्हणून पीजी_वॉलला मोकळी जागा भरपूर द्या आणि पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमधला फेल्ड_काउंट (फसलेल्या प्रयत्नांचा आकडा) वाढला की मोबाईलवर मेसेज येईल असं करा. अजून एक, बॅकअप सर्व्हरचा फोल्डर मेनवर माउंट करून (जोडून) त्यात सीपीने कॉपी मारणार असाल तर आधी माउंट आहे का ते तपासा. माउंट सुटलेलं असलं तर फाइल मेनच्याच डिस्कवर पडते, कमांड शून्य (म्हणजे यशस्वी) परत देते आणि पोस्टग्रेसला वाटतं काम झालं.

रात्रपाळी:
वरचं सगळं पटतं, पण मी यांच्या जागी असतो तर बॅकअप सर्व्हरवर पीजी_रिसीव्हवॉल चालवलं असतं. ते सेगमेंट भरायची वाट बघत नाही, वॉल लिहिला जाईल तसा ओढून घेतं, त्यामुळे नुकसान सेकंदांवर येतं. सोबत रेप्लिकेशन स्लॉट (वॉल कुठपर्यंत नेला याची मेनवरची खूण) लावायचा म्हणजे लाईट आल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू. फक्त बॅकअप सर्व्हर बंद असेपर्यंत स्लॉट मेनवर वॉल धरून ठेवतो आणि त्याला मर्यादा नसते, म्हणून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज टाकायचंच, आवृत्ती 13 पासून आहे, पण न टाकल्यास अमर्याद. मर्यादा ओलांडली तर स्लॉट बाद होतो आणि नवीन बेस घ्यावा लागतो, पण केंद्रावर लोक कॅन घेऊन उभे असताना मेन चालू राहणं महत्त्वाचं, नाही का.

स्टँडबाय जरूर करा पण त्याला बॅकअप धरू नका. कोणी व्हेअर (कुठल्या नोंदी पुसायच्या ही अट) न लावता डिलीट मारलं की ते क्षणात तिकडेही पोचतं, वॉल असतील तर रिकव्हरी_टार्गेट_टाइम देऊन त्याच्या मिनिटभर आधी थांबता येतं. गिटलॅबचं (प्रोग्रामचा कोड ठेवायची वेबसाइट) 31 जानेवारी 2017 चं प्रकरण वाचा, रेप्लिकेशन दुरुस्त करताना मेनचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली, आणि पीजी_डंप आवृत्ती जुळत नसल्याने आधीपासून फेल होत होता पण त्याचे मेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. स्नॅपशॉट (डिस्कची आधी घेतलेली प्रत) होता म्हणून वाचले, तरी सहा तासांचा डेटा गेला.

दूधसंकलन_आयटी:
खूप आभार, डंपवर वॉल चढत नाही हे मला अजिबात माहीत नव्हतं. रिसीव्हवॉल लावतो. बेस किती दिवसांनी घेऊ, आणि जुने वॉल कधी पुसू?

लॉगवाला:
रविवारी दुपारी दोन्ही पाळ्यांच्या मधे बेस घ्या, शेवटचे दोन ठेवा म्हणजे बिलाचे दहा दिवस बहुतेक वेळा मागे जाता येईल, तीन ठेवले तर कायमच. त्यातल्या सर्वात जुन्या बेसच्या आधीचेच वॉल पुसायचे, पीजी_आर्काइव्हक्लीनअपने, हाताने कधीच नको. रात्रीचा डंपही चालू राहू द्या, एखादंच टेबल परत आणायला तो बरा पडतो. आणि पहिला बेस झाला की लगेच वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा, रिकव्हरी.सिग्नल फाइल ठेवा (ती दिसली की पोस्टग्रेस रिकव्हरी सुरू करतं), रिस्टोअर_कमांड (साठवलेले वॉल परत आणणारी) द्या आणि आज सकाळच्या पाळीतल्या एखाद्या केंद्राचे लिटर मेनशी जुळतात का ते तपासा, जुळले नाहीत तर इथे लॉग टाका, बघतो.