मदत हवी आहे: डी अँड डी सोडून कॉल ऑफ कथुलू?

आमचा ग्रुप डी अँड डीची (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे आपापलं पात्र घेऊन फाशांवर खेळायचा कथेचा खेळ) पाचवी आवृत्ती खेळतो. मजा येते, पण लेव्हल वाढली की लढाई संपता संपत नाही. जादूगाराची पाळी आली की बाकीचे चहा टाकायला उठतात. पाथफाइंडर २ या तशाच दुसऱ्या खेळात पाळीला सरळ तीन कृती, नियमही नेटवर फुकट, पण पुस्तकाची जाडी बघूनच धडकी भरते. माझा कल कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाकडे आहे. पात्राचं कौशल्य ६० असेल तर शंभरपर्यंतच्या फाशांवर ६० किंवा कमी पडलं की जमलं, विषय संपला! फक्त त्यात पात्रं पटकन मरतात नाहीतर वेडी होतात, आणि आमच्यातल्या दोघांचा आपापल्या पात्रांवर भारी जीव. अशांना ते रुचतं का? आणि खेळातल्या नेहमीच्या १९२०च्या दशकातल्या अमेरिकेऐवजी त्याच काळातली मुंबई घेतली तर नियमांत काय काय बदलावं लागेल?