जागा वाया गेली, असे म्हणण्याआधी
मुले लहान असताना प्रसूतिशास्त्राची प्रॅक्टिस थांबवून ओपीडीपुरते काम घेणाऱ्या डॉक्टरने वैद्यकीय शिक्षणाची जागा वाया घालवली, हे मत मला एकांगी वाटते. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले खरे. पण पंधरा माणसांचे नर्सिंग होम पाळणाघराच्या कक्षेत येत नाही आणि ज्या बाईचा दवाखाना स्वतःचा आहे, तिला रजा देणार कोण? (रात्री अडीचला कळा सुरू झालेली रुग्ण तर सकाळपर्यंत थांबत नाही.) भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे १९७० च्या दशकात गडचिरोलीच्या आदिवासी भागातल्या हेमलकशाला गेल्या, मुलेही तिथेच वाढवली. त्यांची पदवी वाया गेली, असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.