मदत हवी आहे: तान्ह्या पोळ्यासाठी मुलांना बैल करायचे आहेत

नमस्कार मंडळी. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आम्ही दोघी मैत्रिणी दर रविवारी मुलांचा वर्ग घेतो. तिसरी ते सातवीची बावीस मुलं आहेत. वाचन, गणित जमेल तसं चालू आहे, पण चित्रं काढायला बसली की उठायचं नाव घेत नाहीत. एक मुलगी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढते. तिच्याकडचा हिरवा खडू इतका झिजलाय की चिमटीतही धरता येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांनी लाकडी बैल घेऊन मिरवायचा पोळा. मागच्या वर्षी लाकडी बैल नाही म्हणून चार मुलं घरातून बाहेरच पडली नाहीत. ते अजून मनातून जात नाही. यंदा प्रत्येकाच्या हातात त्याने स्वतः केलेला बैल हवा.

कागदाच्या लगद्याचे बैल कोणी केलेत का? पावसाळी हवेत ते वाळतच नाहीत, बुरशी धरते. लगद्यात मेथीचं पीठ घालावं की डिंक? सुतारकामातले उरलेले तुकडे आणि चाकं कुठे मिळतील? एखाद्या रविवारी येऊन कोणी शिकवलं तर फारच बरं होईल. पाठकोरे कागद, उरलेले रंगही चालतील, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.